नासात ठेवलेली माय

सोनपेठ,
सोमवार, सकाळचा चहा झाल्यावर

चि. सौ. मनिषा हिला थोरल्या भावाचा सप्रेम जयभीम. आम्ही इकडं सुखरूप आहोत असं लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहितो, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. तुझा गुडघा काय म्हणतो? शाळेचा जिना एका दमात चढू नकोस. धम्मानंद दाजींचा बीपी ताब्यात आहे का, की अजून जेवताना ताटाला मीठ लावून घेतात? (ते लपून घेतात. मी मागच्या खेपेला पाहिलं, पण पाहुणा म्हणून गप्प बसलो.) आपली संघप्रिया सातव्यात लागली, पायाला सूज नाही ना? तिला म्हणावं, मामा रोज आठवण काढतो आणि मामी त्याहून जास्त काढते. तुझ्या वहिनीनं तिच्यासाठी चिंचेचा गोळा करून ठेवलाय, तो रविवारी ओटीभरणाला घेऊन येऊ.

आता मुद्दा. तुझे तीन मेसेज मिळाले. पहिला: "दादा, रविवारी मायचं डोहाळ्याचं गाणं लावायचंय, पाठव." दुसरा: "दादा, पाठवलंस का?" तिसऱ्यात नुसतं प्रश्नचिन्ह होतं. तिन्ही मेसेजवर दोन निळ्या खुणा दिसत असूनही उत्तर आलं नाही म्हणून तू रागावली असशील. पण हा विषय मोबाईलवर दोन ओळींत उरकण्यासारखा नाही. एकतीस वर्षं तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढलेला माणूस मी. जुने लोक त्या खोलीला मुहाफिजखाना म्हणायचे, म्हणजे सांभाळून ठेवायची जागा. तिथं तोंडी विचारणेला तोंडी उत्तर कधी दिलं नाही, मग सख्ख्या बहिणीला कसं देऊ? म्हणून हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवतो आहे. बुधवारी, फार तर गुरुवारी तुझ्या हातात पडेल. शांतपणे, बसून वाच. गाण्याचं काय झालं ते यात आहे, पण क्रमानं आहे.

तुला आठवत असेल, मायच्या पहिल्या पुण्यानुमोदनाला तुझ्या मोबाईलमधलं ते नखाएवढं कार्ड मी तुझ्याकडून मागून घेतलं होतं. तिच्या शेवटच्या हिवाळ्यात तू तिच्या उशाशी बसून तिची गाणी त्यात भरली होतीस. जात्यावरची होती, बाबासाहेबांची होती, पाळण्याची होती आणि डोहाळ्याची होती. तू द्यायला कां-कूं करत होतीस. तेव्हा मी सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणालो, मने, सत्तर वर्षांपूर्वीचा फेरफार मी पाच मिनिटांत काढून देत होतो, मायचा आवाज माझ्याकडं हरवेल का? ते वाक्य मी आजही मागं घेत नाही. गाणी उतरवून घेतल्यावर कार्ड पुसून, कोरं करून, पाकिटात घालून तुला परत केलं. कारण आमच्या खात्याचा दंडक आहे, एका गोष्टीची नोंद एकाच ठिकाणी असावी. दोन ठिकाणी नोंद झाली की भांडण कोर्टात गेलंच समज. (सिद्धोधन या दंडकाबद्दल जे बोलला ते खाली येईल. आपल्यात तो धाकटा आहे, पण पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत राहून जरा फटकळ झालाय.)

तो डबा सिद्धोधननंच पाठवला. पोळ्यांच्या डब्याएवढा, काळा, आत दोन डिस्का. घरातल्या वायफायला जोडून ठेवायचा, की घरातल्या कुठल्याही मोबाईलवरून आतलं सगळं ऐकता-पाहता येतं. वस्तू नामी आहे, पण कंपन्यांना नाव ठेवता येत नाही हे खरं. त्या डब्याला म्हणतात नास. एन, ए, एस, नास. तुझी वहिनी सुलाबाई पोळ्या लाटायचं थांबवून म्हणाली, "अवो, ज्याच्या नावातच नास हाय, त्यात मायला ठेवायलाव व्हय?" मी तिला समजावलं, ही इंग्रजी अक्षरं आहेत, त्यांचा दुधाशी काही संबंध नाही. ती म्हणाली, दुधाला कुठं माहीत असतं. अशा शंका दप्तरी कामात विचारात घेत नाहीत, म्हणून मी पुढं गेलो.

पहिली गोष्ट मी केली ती डब्याच्या संरक्षणाची. रेकॉर्ड कशात ठेवतात? बस्त्यात. लाल मांजरपाट, चारी टोकं मध्ये घेऊन गाठ, आत डांबराच्या चार गोळ्या, वरून चिठ्ठी. एकतीस वर्षांत माझ्या बस्त्याला वाळवी शिवली नाही. डबाही तसाच बांधला, वायरीपुरती फट ठेवली आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात चढवला. महिना होता मे. आपल्या परभणीचा मे तुला मी काय सांगू! दुसऱ्या दिवशी दुपारी डबा ओरडायला लागला, ट्यँ ट्यँ ट्यँ. शेजारच्यांना वाटलं बोळात ट्रॅक्टर रिव्हर्स यायलाय, दोघांनी तर आपल्या मोटारसायकली काढून घेतल्या. सुलाबाईनं कपाट उघडलं तर डांबराच्या वासानं तिचे डोळे भरून आले आणि लाल कापड इस्त्री केल्यासारखं गरम. सिद्धोधनला फोन लावला. तो म्हणाला, दादा, त्याला आत पंखा असतो, त्याला श्वास घ्यायला लागतो, तुम्ही जित्याला कफन घातलंय. मी बस्ता सोडला. पण गाठ एवढी पक्की बसली होती की ती सोडायला कात्री लागली, यावरून काम किती चोख होतं ते लक्षात घे.

दुसरी गोष्ट रेडची. तू मास्तरीण आहेस, तुला समजेल. आतल्या दोन्ही डिस्कांवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिला जातो. एक डिस्क मेली तरी दुसरी जिवंत, मजकूर शाबूत. या व्यवस्थेला रेड म्हणतात. ही गोष्ट मला इतकी आवडली की मी कटिंगच्या दुकानात सहज बोलून गेलो, आमच्याकडं कालपासून रेड आहे बुवा, आता फिकीर नाही. दाढीला साबण लागलेला होता, जास्त बोलता आलं नाही. संध्याकाळपर्यंत अख्ख्या सोनपेठात झालं की तात्यारावाच्या घरावर रेड पडली. माझ्याबरोबरचे दत्तराव (आवक-जावकला होते ते, आता त्यांना कमी ऐकू येतं) घाईघाईनं आले, माझा हात हातात घेतला आणि हळू आवाजात विचारलं, काय काय नेलं? मी म्हणालो, काही नेलं नाही, उलट सगळं दोनदा ठेवलंय. ते आणखीनच घाबरले. तुझ्या वहिनीनं चहा दिला तर घेतला नाही, म्हणाले आत्ता तुमच्या घरचं काही खाणं-पिणं बरं दिसणार नाही. एकतीस वर्षांत कुणाचा एक कप चहा फुकट न पिणाऱ्या माणसावर ही पाळी! चार दिवस मी मुद्दाम सकाळ-संध्याकाळ बाजारातून ताठ मानेनं फिरलो, तेव्हा कुठं लोकांची खात्री पटली.

आता वर्गीकरण. हे माझ्या हातचं काम आहे, म्हणून यात कुणाची लुडबूड चालू दिली नाही. सरकारी कागदाचे वर्ग असतात ते तुला ठाऊक आहेत. अ म्हणजे कायम जपायचा, ब तीस वर्षं, क दहा वर्षं, आणि ड म्हणजे एक वर्ष ठेवून नष्ट करायचा. नष्ट करणं हाही सांभाळण्याचाच भाग आहे, हे लोकांना कळत नाही. रद्दी वाढली की चांगला कागद गुदमरतो. मी डब्यात अ, ब, क, ड असे चार कप्पे केले. अ मध्ये माय, आपल्या जमिनीचे सातबारे आणि तुमच्या लग्नांचे फोटो. ब मध्ये माझं पेन्शन. क मध्ये लाईटबिलं. ड मध्ये शुभ सकाळचे फोटो, भाचरांचे नाचाचे व्हिडिओ आणि तत्सम. मग सिद्धोधनच्या मागं लागून डब्याला असा हुकूम घालून घेतला की ड कप्प्यात ज्या कागदाला वर्ष पूर्ण होईल तो त्यानं आपोआप, कुणाला न विचारता काढून टाकावा. सिद्धोधन म्हणाला, दादा, निदान कचरापेटी तरी चालू ठेवू, पुसलेलं महिनाभर तिथं राहतं. मी म्हणालो, बंद कर. निकाली काढलेला कागद पुन्हा टेबलावर आलेला मी उभ्या नोकरीत पाहिला नाही.

त्यानं आणखी एक सांगितलं होतं, आणि ते मी अक्षरशः पाळलं, म्हणून मला यात कुणी बोल लावू नये. तो म्हणाला, दादा, बाकी काही करा न करा, पण रोजच्या रोज डब्याचे स्नॅपशॉट घेत जा. दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी आंघोळ करून, शर्ट घालून, डब्यासमोर उभा राहून मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढत आलो. समोर तारखेची चिठ्ठी ठेवून. एक दिवस खाडा नाही. ताप आला तेव्हा सुलाबाईकडून काढून घेतला. (त्यात तिचं बोट आलंय, पण तारीख स्पष्ट दिसते.) मागच्या आठवड्यात तुझा पहिला मेसेज आला, मी डबा उघडला आणि एक कागद जागेवर दिसेना, तेव्हा या शिस्तीचा केवढा आधार वाटला म्हणून सांगू! सिद्धोधनला फोन केला. तो आधी गडबडला, मग म्हणाला, दादा, स्नॅपशॉट आहेत ना? मी छाती पुढं काढून सांगितलं, तीनशे ऐंशी आहेत. तो आनंदानं ओरडलाच, म्हणाला मग काही गेलेलं नाही, त्या दिवशी डब्यात जे जे होतं ते सगळं परत आणता येतं. मी लगेच त्याला एक पाठवला. त्यानं तो उघडून पाहिला. मग तो अगदी हळू म्हणाला, दादा, हा डब्याचा फोटो आहे. मी म्हणालो, मग तू कशाचा सांगितला होतास?

स्नॅपशॉट ही डब्याच्या आतली सोय असते आणि ती आतून चालू करायची असते, असं त्यानं मग सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मीही चालू केली असती. मी म्हणालो, जाऊ दे, रेड तर आहे, एका डिस्कवरून गेलं असेल तर दुसरीवर असणार. त्यावर तो जे बोलला ते मी वहीत लिहून ठेवलंय: "दादा, आरशासमोर मिशी काढली तर आरशातली मिशी ऱ्हाती का?" लहानपणी याला मी सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेत होतो. तो पुढंही म्हणाला की डिस्क मेली तर रेड वाचवते, पण माणसानं पुसलेलं रेड दोन्हीकडं इमानानं पुसते. म्हणून तिसरी प्रत दुसऱ्या घरात, दुसऱ्या गावात असावी लागते, आणि ताईचं कार्ड पुसायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? मी त्याला तो दंडक सांगितला. त्यानं दंडकाबद्दल जो शब्द वापरला तो पत्रात लिहिण्यासारखा नाही.

तरी सारांश असा, मनिषा, की घाबरण्याचं काही कारण नाही. डबा सुखरूप आहे, थंड आहे, पंखा फिरतो आहे. दोन्ही डिस्का ठणठणीत आहेत. सातबारे, पेन्शन, लाईटबिलं जागच्या जागी आहेत. माय चाळीस गाण्यांसह अ वर्गात आहे. ती चाळीस गाणी मी कालच तीन पेनड्राइव्हवर उतरवली. एक सिद्धोधनकडं पाठवला, एक संघप्रियाच्या सासरी परभणीला, आणि एक या पत्रासोबत कापडात शिवून तुला पाठवतो आहे (कापड लाल आहे, पण हवेला फट ठेवली आहे). एकूण व्यवस्था आता अशी लागली आहे की पुढच्या तीन पिढ्यांनी नाव काढावं. दाजींना जयभीम, संघप्रियाला आशीर्वाद.

तुझा दादा,
तात्याराव

ता. क. चाळीस म्हणालो. तू मोजून दिली होतीस एकेचाळीस. तू मागतेस ते डोहाळ्याचंच तेवढं नाही. ते ड कप्प्यात होतं, वर्ष भरलं, डब्यानं हुकूम पाळला. डोहाळे ड वरून सुरू होतात म्हणून तुझ्या वहिनीनं ते ड मध्ये ठेवलं असावं. ती सातवी शिकलेली, तिला वर्गीकरण काय ठाऊक. तिच्यावर रागावू नकोस.

ता. क. २. पत्र पाकिटात घालण्याआधी सुलाबाईनं वाचायला मागितलं. चष्मा लावून सगळं वाचलं, वरचा ता. क. दोनदा वाचला आणि मला म्हणाली, "माझं नाव खोडा. मी त्या डब्याला कवा हात बी लावला न्हाई." ते खरं आहे. खोडाखोड केलेला कागद मी पाठवत नाही, म्हणून इथं लिहितो. ड मध्ये मीच ठेवलं. अक्षरावरून नाही, मने. विचार करून ठेवलं. बाकीची गाणी स्वच्छ होती. या एका गाण्यात सात मिनिटांतली पाच मिनिटं तर माय खोकतच होती. मध्येच ओळ विसरली, तुला म्हणाली तो मोबाईल माझ्या नाकापासून मागं घी, मग हसली, मग पाणी मागितलं. मी शेरा मारला, "अस्पष्ट, अपूर्ण, जतन करण्यायोग्य नाही." शेऱ्यावर सही माझी आहे. मायचा आवाज मी हरवला नाही, बाई. मी तो रद्दीत काढला.

ता. क. ३. आता मागणं. रेकॉर्ड रूममध्ये फाईल जळाली किंवा गहाळ झाली तर हात झटकून बसत नाहीत. ज्यांनी ती पाहिली त्यांचे जबाब घेतात, आणि त्यावरून नवी फाईल उभी करतात. तिला मूळ फाईलची किंमत नसते, पण काम चालतं. मी ती फाईल शनिवारपासून उघडली आहे. जबाब पहिला, सुलाबाईचा. मायनं हे गाणं जात्यावर तिच्याबरोबरच म्हटलेलं, तरी तिला एवढंच आठवलं:

सातव्या महिन्यात लेक खाईना गोडधोड,
पोटातल्या लेकराला पाटी-पेन्सिलची ओढ.

याच्या पुढची ओळ तिला येत नाही, आणि माय त्या दिवशी विसरली ती हीच. पण तू मायला ती सांगितली होतीस, मला चांगलं आठवतंय, आणि ती म्हणाली होती, हां, आसंच. म्हणजे ती ओळ आता अख्ख्या जगात एकट्या तुझ्याकडं आहे. मने, ती लिही. सोबत जे जे आठवेल ते सगळं लिही, कुठं खोकली, कुठं हसली, पाणी कुणी दिलं, आणि गाणं रविवारी तू म्हण. मी दुपारच्या एसटीनं येतो आहे. दारातून परत पाठवू नकोस. बोलायचं असेल तितकं बोल, चार माणसांत बोल, पण पोरीची ओटी भरून झाल्यावर बोल.

जबाब दुसरा माझा. तोही देणं भाग आहे, कारण मीही त्या खोलीत होतो, दाराशी. ती खोकायला लागली तेव्हा मी म्हणालो होतो, माय, खोकू नको, रेकॉर्डिंग चालू हाय, खराब व्हायलंय, पुन्हा पहिल्यापासून म्हण. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "कामून रे? खोकला बी माझाच हाय. ऱ्हाऊ दे."

तेवढंच मी राहू दिलं नाही.